प्रत आणि कुलूप

मराठी प्रकाशकांनी ई-पुस्तके कुलूप लावून विकावीत की कुलपाशिवाय, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा किंवा फार तर व्यापाऱ्यांचा वाटतो. दिवाळी अंकाच्या संशोधन विभागात त्याचे काय काम, असेही कोणी विचारील. परंतु वसई परिसराच्या इतिहासाची साधने गोळा करण्यात पंचवीसेक वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे. कोणते पुस्तक पुढच्या पिढीच्या हाती पडते आणि कोणते पडत नाही, याचा मराठीतला सातशे वर्षांचा अनुभव आपल्यापुढे आहे. तो तपासावा आणि मग निर्णय घ्यावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आधी कुलूप म्हणजे काय ते पाहू. छापील पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. ते शेजाऱ्याला वाचायला देता येते, वाचनालयाला भेट देता येते, जुन्या बाजारात विकता येते, नातवंडांसाठी कपाटात ठेवता येते. ई-पुस्तकाचे तसे नसते. बहुतेक मोठे विक्रेते पुस्तकाची फाइल अशा रीतीने बंद करून देतात की ती त्यांच्याच ॲपमध्ये, त्यांच्याच यंत्रावर आणि विकत घेणाऱ्याच्याच खात्यात उघडते. तिची दुसरी प्रत काढली तरी ती वाचता येत नाही. याला 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट', संक्षेपाने 'डीआरएम' म्हणतात. मी सरळ 'कुलूप' म्हणणार आहे. मात्र एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवावी. आपण आपल्या घराला कुलूप लावतो तेव्हा किल्ली आपल्या खिशात असते. या कुलपाची किल्ली पैसे मोजणाऱ्याकडे नसते, पुस्तक लिहिणाऱ्याकडेही नसते. ती दुकानदाराकडे असते.

राशोलची हरवलेली पुस्तके

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला सर करीपर्यंत, पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. या दोन शतकांतले मराठी ख्रिस्ती साहित्य शोधू लागलेला वसईचा अभ्यासक आपोआप गोव्याकडे वळतो, कारण छपाईची यंत्रे तिकडे होती. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. साष्टी प्रांतात राहून तो मराठी आणि कोकणी शिकला आणि त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले.

हे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडच्या लिपीत पुस्तके छापता यावीत म्हणून त्या अक्षरांचे खिळे पाडावेत, अशी विनंती स्टीफन्सने १६०८ मध्ये आपल्या वरिष्ठांना पत्राने केली होती. पण खिळे काही पडले नाहीत आणि पुराण रोमन लिपीतच छापावे लागले. त्या काळी पोर्तुगीज मुलखात पुस्तक छापायचे तर धर्मसत्तेची अनुमती घ्यावी लागे. म्हणजे ख्रिस्तपुराण हे सर्व बाजूंनी 'अधिकृत' पुस्तक होते. लेखक मान्यवर, छापखाना मिशनऱ्यांचा, परवाने हातात, आवृत्त्या तीन.

आज या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही छापील प्रत उपलब्ध नाही.

१६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. देशी भाषांतल्या पुस्तकांवरची मेहेरनजर तर त्याआधीच संपली होती. १६५४ नंतर ख्रिस्तपुराणाची नवी आवृत्ती निघाली ती १९०७ मध्ये, मंगळूरला. मधली अडीचशे वर्षे हे पुराण जगले कशावर? हाताने उतरवलेल्या प्रतींवर. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी वह्या बरोबर नेल्या, त्यांच्या पुन्हा नकला केल्या आणि उपवासकाळात घरोघर वाचल्या. टिपूने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले तेव्हा याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे त्या समाजात परंपरेने सांगतात. जोसेफ साल्ढाणा यांनी अशी हस्तलिखिते मिळवून, एकमेकांशी ताडून पाहून १९०७ ची आवृत्ती सिद्ध केली. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांना लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात याच पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आढळले. या पायावर शांताराम बंडेलू यांची १९५६ ची पुण्याची आवृत्ती, कारिदाद द्राग यांची १९९६ ची मुंबईची आणि नेल्सन फलकाव यांची २००९ ची बंगळूरची आवृत्ती उभी आहे.

हा सारा वृत्तान्त वाचताना माझे लक्ष वेधून घेते ती एक साधी गोष्ट. ज्याच्याकडे परवाना होता तो छापखाना पुस्तक टिकवू शकला नाही. ज्यांच्याकडे कसलाच परवाना नव्हता त्या नकलकारांनी ते टिकवले. त्या वह्या उतरवणाऱ्यांना कोणी अडवू शकले असते तर स्टीफन्स आज आपल्याला केवळ एका ग्रंथाचे नाव म्हणून माहीत असता. पुस्तक मालकाच्या तिजोरीत सुरक्षित राहत नाही. ते इतरांच्या घरी गेलेल्या प्रतींत सुरक्षित राहते. मालकाला अडचण येते, त्याचा छापखाना बंद पडतो, सरकार बदलते, मर्जी फिरते. शंभर घरांवर एकाच वेळी अशी आपत्ती सहसा येत नाही.

सकळ लिपीचा धडा

कुलूप ही कल्पना मराठीला नवी नाही. महानुभाव पंथाने ती सहाशे वर्षे वापरून पाहिली आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' म्हणजे मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. चक्रधरांच्या या लीळा आणि पंथाचे इतर ग्रंथ परक्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये, पाठ बिघडू नये, म्हणून पंथाने सांकेतिक लिप्या तयार केल्या. त्यांतली सर्वांत रूढ ती 'सकळ लिपी'. तिचे श्रेय परंपरा चौदाव्या शतकातल्या रवळोव्यासांना देते. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे, ही तिची रीत. संकेत माहीत नसणाऱ्याला पोथी उघडूनही काही कळत नसे.

या कुलपाचा हेतू प्रामाणिक होता आणि ते चांगले चाललेही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, पंथातल्या काही महंतांनीही पोथ्या दाखवल्या, आणि वि. ल. भावे यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत'च्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभाव साहित्याला हक्काची जागा मिळाली. तोवर मराठी वाङ्मयाचा इतिहास या ग्रंथांवाचून लिहिला आणि शिकवला जात होता. मधल्या काळात मराठीत गद्य लिहिणाऱ्यांना आपल्याच भाषेत इतके नितळ, बोलके गद्य होऊन गेले आहे याची खबर नव्हती.

इथे एक भेद काटेकोरपणे पाहिला पाहिजे. सकळ लिपीने वाचन अडवले, नक्कल अडवली नाही. पंथाच्या आत पोथ्यांच्या नकला अखंड होत राहिल्या. मठ जिथे जिथे गेले, अगदी पंजाबपर्यंत, तिथे पोथ्या गेल्या. लीळाचरित्राची मूळ प्रत हल्ल्याच्या धामधुमीत गेली तेव्हा हिराइसा आणि इतर शिष्यांच्या पाठांतरातून ते पुन्हा उभे केले, असे पंथाची परंपरा सांगते. नंतर पुष्कळ प्रती झाल्या, म्हणून ग्रंथ टिकला. लिपी बंद होती, म्हणून तो इतरांपर्यंत पोचला नाही. टिकणे आणि पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचे ई-पुस्तकाचे कुलूप सकळ लिपीपेक्षा कडक आहे, कारण ते एकाच वेळी दोन्ही अडवते. नक्कलही होऊ देत नाही आणि परक्याला वाचूही देत नाही. शिवाय सकळ लिपीची किल्ली शेकडो जणांच्या डोक्यात होती. ही किल्ली एका कंपनीच्या संगणकात असते.

पोथीला भय कशाचे?

मग आपल्या पूर्वजांना पुस्तकाविषयी काळजी नव्हती का? होती, आणि फार होती. जुन्या पोथ्यांच्या शेवटी अनेकदा एक संस्कृत श्लोक आढळतो. त्यात पोथीच वाचकाला विनवते की, मला तेलापासून वाचव, पाण्यापासून वाचव, सैल बांधणीपासून वाचव आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. 'माझी नक्कल करू नकोस' असे ती कुठेही म्हणत नाही. नक्कल करणे हे पुण्यकर्मच मानले जाई.

भय होते ते पाठ बिघडण्याचे. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि शेवटी बजावले की, यात कोणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. मजकुरात भर घालू नका हा त्यांचा दंडक. उतरवून घेऊ नका, असे ते कुठे म्हणत नाहीत. आणि मुळात अनेक प्रती घरोघर होत्या म्हणूनच त्यांना शुद्ध पाठ ठरवता आला, हेही विसरू नये.

तुकारामांच्या गाथेचे उदाहरण आणखी जवळचे. मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या अनुदानातून इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत गाथा छापली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या वह्या जमवल्या. त्या कोणत्याही संस्थेच्या मालकीच्या नव्हत्या. वारकऱ्यांच्या घरच्या होत्या.

नक्कल करणारा नेहमी भाबडा नसतो, हेही मान्य केले पाहिजे. आमच्या उत्तर कोकणाच्या इतिहासाचे मोठे साधन म्हणजे 'महिकावतीची बखर'. राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये छापली. तिच्यातली जुनी प्रकरणे केशवाचार्यांची, शके १३७० म्हणजे १४४८ च्या सुमाराची. बाकीची नंतरच्या काळात वेगवेगळ्या हातांनी जोडलेली. कुठे काय घुसले, याची फोड करताना आम्हा अभ्यासकांची दमछाक होते. पण फोड करायला बखर हाती आहे. बिघडलेली प्रत दुरुस्त करता येते. नसलेली प्रत दुरुस्त करता येत नाही.

लेखकाचा हक्क आणि त्याची मुदत

यावर प्रकाशक म्हणतील, 'पोथ्यांचा काळ वेगळा. तेव्हा लेखकाला राजाश्रय होता किंवा भिक्षा होती. आम्ही भांडवल घालतो, लेखकाला मानधन देतो.' हे अगदी खरे आहे. छपाई आली तशी नक्कल हा व्यापार झाला आणि लेखकाच्या हक्काला कायद्याचा आधार लागला. आपल्याकडे १८४७ च्या विसाव्या कायद्याने तो प्रथम दिला. मुदत होती लेखकाची हयात आणि त्यापुढे ७ वर्षे, किंवा एकूण ४२ वर्षे, यांत जे अधिक असेल ते. १९१४ च्या कायद्याने ती मृत्यूनंतर ५० वर्षे केली. सध्याचा कायदा १९५७ चा. १९९२ मध्ये त्यातली मुदत मृत्यूनंतर ६० वर्षे झाली.

या प्रत्येक कायद्यात एक देवघेव आहे. ठरावीक काळ पुस्तकावर लेखकाचा आणि त्याच्या वारसांचा हक्क. त्यानंतर ते समाजाचे. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापू शकतो. 'श्यामची आई' १९३५ सालची. आज ती अनेक प्रकाशकांकडून निघते, महागड्या बांधणीत मिळते आणि अगदी स्वस्तातही मिळते, आणि अजून विकली जाते.

आता कुलपाकडे पाहा. कायद्याला मुदत आहे, कुलपाला नाही. आज चाळिशीत असलेला लेखक ऐंशी वर्षे जगला तर त्याच्या पुस्तकावरचा हक्क शंभर वर्षांनी संपेल. त्या दिवशी कुलूप आपोआप उघडेल अशी काही सोय फाइलमध्ये नसते. शंभर वर्षांनी ते पुस्तक कायद्याने सर्वांचे असेल आणि प्रत्यक्षात कोणाचेच नसेल.

अलीकडची मुदतही पाहण्यासारखी आहे. लेखकाने हक्क लिहून देताना करारात मुदत नमूद केलेली नसेल तर आपला कायदा ती पाच वर्षे धरतो. पाच वर्षांनी हक्क लेखकाकडे परत आला, तरी वाचकांनी घेतलेल्या प्रती दुकानदाराच्या कुलपातच राहतात.

२०१२ मध्ये आपल्या कायद्यात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. 'हक्कभंगाच्या हेतूने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायद्याने मुभा दिलेल्या कामासाठी कुलूप उघडणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. त्याच दुरुस्तीने अंध आणि अन्य दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाचे वाचता येण्याजोगे रूप करण्याची मुभा दिली. २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. कायदा असा उदार आहे. पण कुलूप उघडण्याचे साधन आणि ज्ञान सामान्य वाचकाकडे किंवा गावातल्या वाचनालयाकडे कुठून असणार? कायद्याने दिलेली मुभा कुलपाने काढून घेतली, असे प्रत्यक्षात होते.

किल्लीवाला दुकान बंद करतो तेव्हा

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही आवृत्त्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरे, आणि कंपनीने पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण विकलेले पुस्तक घरात शिरून परत नेता येते हे त्या दिवशी जगाला कळले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. पैसे परत मिळाले, पण घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोयही काढून टाकली.

हे परदेशातल्या बलाढ्य कंपन्यांचे झाले. आपल्याकडे लहान कंपन्यांची ॲपे येतात आणि जातात. वसईच्या इतिहासाविषयीची तीन ई-पुस्तके मी अशाच एका ॲपवरून विकत घेतली होती. ॲप बंद पडले. पैसे कोण परत करणार, हे विचारायलाही कोणी उरले नाही. त्यांतल्या दोन पुस्तकांच्या छापील प्रती मी नंतर वाचनालयात पाहिल्या. तिसरे पुस्तक छापलेच गेले नव्हते.

हे तिसरे पुस्तक हीच माझी खरी चिंता आहे. छापील पुस्तकाला आपल्या देशात काही आधार आहेत. १८६७ च्या कायद्याने पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ग्रंथालयांना एकेक प्रत द्यावी असे ठरले. शंकर गणेश दात्यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती ग्रंथालयांतून आणि लोकांच्या घरांतून पुस्तके प्रत्यक्ष हाताळता आली म्हणून. ई-पुस्तकाला यांतला एकही आधार नाही. १९५४ चा कायदा छापील पुस्तकांपुरता आहे. १८६७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यातून तर पुस्तके वगळलीच गेली. जतनासाठी पुस्तकाची डिजिटल प्रत करून ठेवण्याची मुभा सार्वजनिक ग्रंथालयांना २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली आहे, पण त्यासाठी ग्रंथालयाकडे त्या पुस्तकाची बिगर-डिजिटल प्रत आधी असावी लागते. फक्त ई-पुस्तक म्हणून निघालेल्या, कुलूपबंद मराठी पुस्तकाचा वाली कोण? एक दुकान. दुसरे कोणी नाही.

प्रकाशकांची हरकत

प्रकाशकांचे भय खोटे नाही. २०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सॲपवरून पीडीएफचा जो पूर आला तो सर्वांनी पाहिला. हजाराची आवृत्ती संपायला जिथे वर्षे लागतात, तिथे पन्नास फुकट प्रती फिरल्या तरी प्रकाशकाला आणि लेखकाला झळ बसते. लेखकाला मिळणारी रक्कम आधीच तुटपुंजी. 'पुस्तके मुक्त असावीत' असे ज्याला स्वतः पुस्तक विकायचे नाही त्याने म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणत नाही. फुकट वाटणे आणि कुलपाशिवाय विकणे यांत फरक आहे. ज्यांना फुकट द्यायचे ते देतातच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर ठेवली आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठानने लेखकांच्या संमतीने विनामूल्य ई-पुस्तके वाचकांपर्यंत नेली आहेत. इथे प्रश्न विक्रीचा आहे.

तर मग विचारावे असे की, कुलपाने चोरी थांबते का? माझ्या फोनवर न मागता आलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ मी चाळून पाहिल्या आहेत. जवळजवळ सगळ्या छापील पुस्तकांची पाने स्कॅन करून केलेल्या. पान तिरके, कडेला अंगठा, मध्येच वाचनालयाचा शिक्का. या चोरीच्या वाटेत ई-पुस्तकाचे कुलूप कुठेच येत नाही. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या नकली छापील प्रतींच्याही वाटेत ते येत नाही. जिथे ते येते तिथेही एका जाणकाराने एकदा तोडले की पुरे. पुढच्या सगळ्यांना उघडी प्रतच मिळते. म्हणजे चोराच्या हाती उघडे पुस्तक आणि पैसे मोजणाऱ्याच्या हाती बंद पुस्तक, असा उलटा न्याय होतो.

बाहेरचा अनुभवही पाहावा. ॲपलने जानेवारी २००९ मध्ये आपल्या दुकानातल्या गाण्यांवरचे कुलूप काढत असल्याचे जाहीर केले. गाण्यांची विक्री त्यामुळे बुडाली नाही. विज्ञानकथा छापणाऱ्या 'टॉर' या प्रकाशनसंस्थेने २०१२ मध्ये ई-पुस्तकांवरचे कुलूप काढले आणि वर्षभराने तिच्या ब्रिटिश शाखेने सांगितले की, चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ झालेली नाही. इंग्रजी बाजार केवढा आणि मराठी केवढा, तेव्हा हा अनुभव जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असे मी म्हणणार नाही. पण कुलूप काढले की धंदा बसतो, हे गृहीत धरण्याचे कारणही उरत नाही.

एका ठिकाणी कुलूप योग्य आहे. ठरावीक दिवसांसाठी उसने दिलेले किंवा मासिक वर्गणीत वाचायला दिलेले ई-पुस्तक परत जावे म्हणून त्याला बंधन लागते. वाचनालयाचे पुस्तक कोणी आपले म्हणून ठेवून घेत नाही. पण ज्यावर 'विकत घ्या' असे लिहून पूर्ण किंमत घेतली, ते उसने दिल्यासारखे देणे हा व्यवहार सरळ नाही.

वसईच्या पुस्तकांचे काय?

हे सारे मला इतके जिव्हाळ्याचे का वाटते, ते सांगतो. आमच्या वसई-विरार पट्ट्यात सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी अशा बोली आहेत. त्यांतली गाणी, म्हणी, शब्दसंग्रह, गावांचे इतिहास, शाळांच्या आणि चर्चच्या स्मरणिका ही पुस्तके मोठे प्रकाशक काढत नाहीत. निवृत्त शिक्षक, धर्मगुरू, एखादे मंडळ पदरमोड करून काढते. पूर्वी ती तीनशे-पाचशे छापली जात. लग्नाच्या आहेरात दिली जात, माळ्यावर पडत, आणि वीस वर्षांनी माझ्यासारख्याला कुणाच्या तरी ट्रंकेत सापडत. माझ्या संग्रहातली निम्मी साधने अशी ट्रंकेतून आलेली आहेत. आता छपाई परवडत नाही म्हणून हीच मंडळी थेट ई-पुस्तक काढू लागली आहेत. ते स्वागतार्ह आहे. पण कुलूपबंद ई-पुस्तक ट्रंकेत राहत नाही. खाते बंद झाले, माणूस गेला, की त्याच्याबरोबर तेही जाते.

म्हणून प्रकाशकांपुढे आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकांपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, विकलेले ई-पुस्तक कुलपाशिवाय द्यावे आणि हवे तर प्रत्येक प्रतीवर घेणाऱ्याचे नाव उमटवावे. आपले नाव असलेली प्रत माणूस शंभर जणांच्या गटात टाकताना विचार करतो. घरात, मुलाला, मित्राला मात्र देतो, आणि तेवढे देणे पुस्तकाला हवेच असते. दुसरी, प्रत्येक ई-पुस्तकाची एक उघडी प्रत निदान दोन ग्रंथालयांना, त्यांतली एक आपल्या जिल्ह्यातली, जतनासाठी लेखी परवानगीसह द्यावी. कायदा सांगत नाही म्हणून थांबू नये. दात्यांनाही सूची करा म्हणून कोणता कायदा सांगत नव्हता. तिसरी, लेखकाने करारात एक ओळ घालून घ्यावी की, पुस्तक विक्रीतून निघाले किंवा दुकान बंद झाले तर घेणाऱ्यांना उघडी प्रत मिळेल.

यांतल्या एकाही गोष्टीने लेखकाचा हक्क कमी होत नाही. चोरट्या व्यापाऱ्यावर खटला भरण्याचा अधिकार कुलूप नसतानाही पूर्ण शाबूत राहतो; छापील पुस्तकांना कधी कुलूप नव्हते, तरी हक्कभंगाचे खटले चाललेच.

किंडलवर पुस्तक विक्रीला लावताना एका पानावर विचारले जाते : डीआरएम हवे की नको? पुष्कळ लेखक आणि प्रकाशक 'हवे' वर खूण करून पुढे जातात, कारण 'हवे' म्हणणे सुरक्षित वाटते. राशोलच्या छापखान्यालाही आपले परवाने सुरक्षित वाटले असतील. त्या छापखान्याची एकही प्रत आपल्याकडे नाही, आणि मंगळूरच्या घरांतल्या वह्या मात्र आहेत. त्या चौकोनात खूण करण्यापूर्वी एवढे आठवावे आणि 'नको' म्हणावे.